गल्ल्यातले पैसे कुणाचे?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

छोट्या धंद्यातल्या अडचणींवर बोलायचं आमंत्रण आलं, तेव्हा आमच्या घरात हशा पिकला. धाकटा भाऊ म्हणाला, "भाईजान, बेकरी कशी बुडवायची ते सांगणार का लोकांना?" तो हसला, मीही हसलो. रात्री मात्र लवकर झोप आली नाही. मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो तो मराठी घेऊन. धंद्यातलं मला जे काही थोडंफार कळतं, ते आमच्या बुडालेल्या बेकरीनं शिकवलेलं आहे. तेव्हा भाऊ म्हणाला तेच करतो. बेकरी कशी बुडाली ते सांगतो.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. साल १९९६. भाऊ तेव्हा चोवीस वर्षांचा होता. सोलापुरात एका बेकरीत चार वर्षं राबून कारागीर झालेला, हाताला चव असलेला. सुशिक्षित बेरोजगारांसाठी १९९३ पासून पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली होती. तिच्यातून एक लाखाचा प्रकल्प मंजूर झाला. पाच हजार आमचे, बाकीचं कर्ज. मी ग्रंथालयात कारकून होतो आणि बेरोजगार तो होता, म्हणून कर्ज त्याच्या नावावर निघालं. हिशेबाची वही मात्र माझ्याकडे आली, कारण घरात शिकलेला मी. कवीच्या हाती हिशेब दिला, यातच पुढचं सगळं आलं, असं आता वाटतं.

त्या एक लाखात आम्ही काय केलं? विटांची मोठी भट्टी बांधली. पीठ मळायचं यंत्र घेतलं. ट्रे, साचे, लाकडी मांडण्या, जागेची अनामत. दुकानावर रंगीत पाटी लावली. पाटीवरची अक्षरं मीच सुचवली होती, त्यामुळे तिच्यावर जरा जास्तच खर्च झाला. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांनी भट्टीचं कौतुक केलं. त्या दिवशी आमच्या हातात उरले होते अकराशे रुपये. मैदा, साखर, वनस्पती तूप, लाकूड हे सगळं त्या अकराशेत आणायचं होतं. ते पुरलं नाही, म्हणून मैदा आठ दिवसांच्या उधारीवर आणला. म्हणजे पहिला पाव भाजायच्या आधीच आम्ही देणेकरी होतो.

नवा धंदा काढणारा माणूस जी चूक हमखास करतो, ती हीच. डोळ्यांना दिसतं त्यावर तो पैसे घालतो. यंत्र दिसतं, पाटी दिसते, फर्निचर दिसतं. माल विकल्यावर पैसे परत हाती येईपर्यंतचे जे दिवस असतात, ते दिसत नाहीत. त्या दिवसांसाठी लागणाऱ्या पैशाला आपल्या जुन्या व्यापाऱ्यांनी फार चांगला शब्द दिलाय, खेळतं भांडवल. भट्टीत गेलेला पैसा तिथंच बसतो. जो हातातून जातो, माल होतो आणि पुन्हा हातात येतो, तो खेळतो. आमच्याकडे खेळायला पैसाच नव्हता.

तरी बेकरी चालली. गावात आजही लोक समजतात, की चालत नव्हती म्हणून बंद पडली. तसं नाही. विटांच्या भट्टीचं एक गणित असतं. ती तापवायला भरपूर लाकूड लागतं आणि एकदा तापली की हळूहळू उतरते. कडक आचेवर पाव निघतो. आच जरा उतरली की खारी, मग नानकटाई, आणि शेवटी नुसत्या उबेवर रात्रभर टोस्ट वाळतात. एकाच लाकडात चार माल. भावाला ही उतरती आच तळहातावर कळायची. पहाटे पाच वाजता आमच्या दारात सायकलवाले रांग लावायचे आणि आठपर्यंत मांडणी रिकामी व्हायची. दिवाळीच्या आधी बायका डब्यांत रवा, मैदा, तूप, साखर घेऊन यायच्या. आम्ही त्यांची नानकटाई भाजून द्यायचो. भाजणावळ रोख. ती पंधरवड्याची कमाई सोडली, तर रोख असं फार थोडं होतं.

बाकी सगळी उधारी. चहाच्या टपऱ्या, वडापावच्या गाड्या, किराणा दुकानं. कुणी म्हणायचं आठवड्यानं देतो, कुणी बाजाराच्या दिवशी, कुणी नुसताच हात वर करायचा. शिवाय परत माल. लादी पावाची किंमत संध्याकाळपर्यंत. न खपलेला पाव दुकानदार दुसऱ्या दिवशी परत करतो आणि तेवढे पैसे कापतो. त्या पावाचे टोस्ट करता येतात, पण त्याला पुन्हा साखर, तूप, मजुरी आलीच. आम्ही विक्री मोजत होतो ती दिलेल्या मालाची. परत आलेला माल त्यातून वजा होत नव्हता.

ही उधारी लिहायची कुणी? मी. संध्याकाळी ग्रंथालयातून येऊन गल्ल्यावर बसायचो. वही समोर असायची. लोक ओळखीचे, बरेचसे अब्बांचे दोस्त. त्यांच्यासमोर वही उघडणं मला अवघड वाटायचं. "नंतर लिहितो चाचा" म्हणायचो आणि नंतर लिहायचं राहून जायचं. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी कविता लिहायचो. माझ्या पहिल्या संग्रहातल्या दोन कविता तिथल्याच आहेत. कविता न चुकता लिहिल्या गेल्या, उधाऱ्या राहिल्या.

यात लाजिरवाणी गोष्ट अशी, की कुराणातली सगळ्यांत लांब आयत, सूरह बकराची दोनशे ब्याऐंशीवी, नेमकी याच विषयावर आहे. मुदतीचं देणंघेणं लिहून ठेवा, लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान आहे म्हणून कंटाळा करू नका, असा तिचा आशय. लहानपणी मौलवीसाहेबांनी ती पाठ करून घेतली होती. पाठ होती, वहीपर्यंत पोचली नाही. आणि इकडे मराठीत आमच्या कवींचे कवी तुकोबा, तेही दुकानदारच. दुष्काळात त्यांचं दुकान बसलं. परंपरा सांगते, की कर्जखतांतली निम्मी त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. बुडवायला निदान त्यांच्याकडे कागद होते.

खरा घाव मात्र किरकोळ उधारीनं बसला नाही. तो बसला मोठ्या कामानं. १९९८ च्या जूनमध्ये एका मोठ्या वसतिगृहाला रोज पाव पुरवायचं काम मिळालं. रोज चारशे रुपयांचा पाव. आम्ही घरात पेढे वाटले. बिल महिन्याचं, पैसे "मंजुरी आली की". भावाला शंका होती. तो म्हणाला, एवढं झेपेल का? मी म्हटलं, अरे, धंदा वाढतोय, नाही कसं म्हणायचं? हे माझे शब्द आहेत आणि ते मला अजून ऐकू येतात.

आता हिशेब बघा. चारशेच्या पावात सामान, लाकूड आणि मजुरी मिळून तीनशे रुपये आमचे जायचे. शंभर नफा. कागदावर झकास. पण पहिलं बिल निघालं पाचव्या महिन्यात. दीडशे दिवसांत त्यांच्याकडे आमचे साठ हजार अडकले, आणि त्यातले पंचेचाळीस हजार आम्ही खिशातून घातलेले होते. खिसा तर आधीच रिकामा! मैद्याचा व्यापारी आठ दिवसांवर थांबायला तयार नव्हता, त्याचंही बरोबरच होतं. मग भावानं मला न सांगता शेकडा पाच रुपये महिना व्याजानं बाहेरून पैसे उचलले. म्हणजे वर्षाला साठ टक्के. आमच्या पावात साठ टक्के नफा कुठला? वसतिगृहाचे पैसे आले ते थेट त्या व्याजात गेले. १९९९ ची दिवाळी झाली, बायकांची नानकटाई भाजून दिली आणि त्यानंतरच्या सोमवारी आम्ही भट्टी पेटवली नाही.

म्हणून सांगतो, धंदा नेहमी तोट्यानंच बुडतो असं नाही. नफ्यात असलेला धंदा रोख संपली म्हणून बुडतो, आणि काम वाढलं म्हणून तर जास्तच लवकर बुडतो, कारण काम दुप्पट झालं की अडकलेला पैसाही दुप्पट होतो. नफा वहीत असतो. मैदेवाल्याला मात्र नोटा लागतात.

भाऊ पुण्याला गेला. दुसऱ्याच्या बेकरीत अकरा वर्षं भट्टीपुढं उभा राहिला आणि पगारातून बँकेचे हप्ते भरत राहिला. अर्धं कर्ज मी फेडलं, असं मी लोकांना सांगत आलोय. खरं सांगायचं तर माझा वाटा तिसऱ्या हिश्श्याएवढाही नसेल. वही माझी होती आणि नाव त्याचं होतं.

त्या वेळी आम्हाला काही कायदा वगैरे ठाऊक नव्हता. आज परिस्थिती थोडी बरी आहे, म्हणून हे नीट ऐका. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी २००६ साली कायदा झाला. तुम्ही माल बनवणारे किंवा सेवा देणारे सूक्ष्म अथवा लघु उद्योजक असाल आणि तशी नोंदणी केलेली असेल, तर गिऱ्हाइकानं लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे. ती मुदत पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त ठरवताच येत नाही. लेखी काहीच ठरलं नसेल तर पंधरा दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्यामहिन्याला चक्रवाढ. दाद मागायला सुविधा परिषद असते. ही नोंदणी म्हणजे 'उद्यम'. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारा कुणी भेटला तर समजून जा. अर्थात हा कायदा घेऊन चहाच्या टपरीवर जायचं नसतं. तिथं वही आणि चेहरा हेच चालतं. पण मोठं गिऱ्हाईक "मंजुरी आली की" म्हणतं, तेव्हा कागदावर तारीख मागायचं बळ या कायद्यानं येतं.

हे सगळं आज उकरून काढायचं कारण म्हणजे माझी पुतणी. त्याच भावाची मुलगी. बी.कॉम. झाली आणि म्हणाली, "बडे अब्बा, मी घरून नानकटाई करून विकणार." भाऊ काहीच बोलला नाही. उठून बाहेर गेला. मग हिशेब घेऊन ती माझ्याकडे आली. चार दुकानदारांशी तिचं बोलणं झालं होतं. ते एकशे साठ रुपये किलोनं घेणार, पैसे महिन्यानं. तिनं लिहिलं होतं: सामान ऐंशी, विक्री एकशे साठ, नफा ऐंशी.

मी म्हटलं, डबा कशात देणार? खोकं आणि लेबल, चौदा रुपये. ओव्हनची वीज, दहा. दुकानापर्यंत स्कूटीचं पेट्रोल, दहा. तुटकी आणि परत आलेली, आठ. झाले बेचाळीस. ऐंशीतून बेचाळीस गेले, राहिले अडतीस. दुपारच्या तीन तासांत ती चार किलो करते. म्हणजे तीन तासांचे एकशे बावन्न रुपये. ती गप्प झाली. वाईट वाटलं मला, पण हा आकडा आज कळलेला बरा. घरच्या बाईचे किंवा मुलीचे हात फुकट धरायचे आणि मग त्याला नफा म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. दुसऱ्या कुणाला कामाला ठेवलं असतं तर तुला काय द्यावं लागलं असतं, ते आधी लिही, असं मी तिला सांगितलं. तिनं लिहिलं, आणि भाव एकशे पंच्याऐंशी केला. चारातले दोन दुकानदार गळाले, दोन राहिले. स्वस्त विकून जमवलेलं गिऱ्हाईक, भाव वाढवला की तसंच निघून जातं. ते आधीच गेलं, एवढंच.

मग दुसरा आकडा. किलोमागं सामान आणि वरखर्च मिळून एकशे बावीस रुपये रोख जाणार. रोज चार किलो, महिन्यातले पंचवीस दिवस, म्हणजे शंभर किलो. पहिला रुपया हाती येण्याआधी बारा हजार दोनशे रुपये बाहेर जाणार. ते आहेत का? तिच्या अम्मीची भिशी लागली होती, पंधरा जणींची, हजार-हजाराची. ते पंधरा हजार. भिशीला व्याज नाही, पण तीही फेडायचीच असते, दर महिन्याला हजारानं, हे विसरायचं नाही. मोठा ओव्हन घ्यायचा तिचा विचार होता. तो आम्ही रहित केला. भिशीचे पैसे खेळते ठेवले.

कर्ज घेऊ नका असं मी म्हणणार नाही. २०१५ पासून मुद्रा योजना आहे. तिच्यात 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं, तारण लागत नाही. पण बँकेत जाताना फक्त यंत्राचं दरपत्रक घेऊन जाऊ नका. खेळत्या भांडवलासाठी किती लागेल तेही मांडा आणि कॅश क्रेडिटबद्दल विचारा. त्यात जेवढे दिवस जेवढी रक्कम वापरली, तेवढ्याचंच व्याज लागतं. बाकी कागद फार नाहीत. घरातून खायचा पदार्थ विकायचा तरी अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती करून घ्यावी. माल विकणाऱ्याची उलाढाल वर्षाला चाळीस लाखांच्या आत असेल आणि विक्री राज्यातल्या राज्यात असेल, तर साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. पुतणीला त्याची चिंता करायला अजून अवकाश आहे.

आता गल्ला. आमच्या बेकरीच्या गल्ल्यातून अब्बांची औषधं आली, बहिणीच्या लग्नाचं कापड आलं, पाहुण्यांचं मटण आलं. कुणी चोरलं नाही, कुणी उधळलं नाही. घरातल्या प्रत्येकाला वाटायचं, पैसे आपलेच आहेत. ते नव्हते. त्यातले निम्म्याहून जास्त मैदेवाल्याचे, लाकूडवाल्याचे आणि बँकेचे होते, फक्त रात्रीपुरते आमच्याकडे मुक्कामाला आलेले. भावानं स्वतःला ठरावीक पगार घ्यायला हवा होता, अगदी थोडा का होईना, आणि घर त्या पगारात चालवायला हवं होतं. आज तर गल्ला मोबाईलमध्ये गेलाय. कोड स्कॅन होतो, टिंग वाजतं, आणि त्याच खात्यातून दुधाचं बिल जातं, रिचार्ज जातो, भाचीला वाढदिवसाचे पाचशे जातात. पूर्वी निदान रात्री गल्ला ओतून मोजायची सवय होती. पुतणीला पहिल्या दिवशी मी एवढंच करायला लावलं: धंद्याचं खातं वेगळं, कोड वेगळा. त्या खात्यातून घरचं काही घ्यायचं नाही. दर महिन्याच्या एक तारखेला पगार तेवढा घ्यायचा.

शेवटी पावसाळ्याचं. प्रत्येक धंद्याला एक पावसाळा असतो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका गच्चीवर सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढं लिज्जत म्हणून मोठी झाली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावं लागलं होतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. वर खाटेवर पापड, खाली शेगडी. मोठं यंत्र नाही, नवी जागा नाही. अडचण पापड वाळवण्याची होती, तेवढीच सोडवली. आमच्या बेकरीचा पावसाळा म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. वसतिगृह रिकामं आणि बाजार मंद. पुतणीच्या नानकटाईचा कुठला, ते एक वर्ष गेल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून एक वर्ष तरी दुसरा पदार्थ काढू नकोस, असं मी तिला म्हणतो. ती ऐकेल असं वाटत नाही. केकचे साचे आणलेले मी पाहिलेत.

तिला सुरुवात करून तीन महिने झाले. परवा संध्याकाळी ती वही लिहीत बसली होती. एका दुकानदाराचे महिन्याचे पैसे आठ दिवस उशिरा आले होते, त्याची तारीख तिनं लाल शाईनं टाकली. भाऊ बाजूला बसला होता. त्यानं ताटलीतली एक नानकटाई उचलली, मोडली, आतून पाहिली आणि म्हणाला, "आच थोडी जास्त झाली. उद्या मी बसतो ओव्हनपाशी."